ताण अंगावर काढू नका

अहमदपुरात विहारातली रविवारची वंदना आटोपली की आम्ही बीपीचं मशीन काढून बसतो. आधी म्हाताऱ्या बाया येतात. मग हळूहळू कामावरची माणसं येतात. कंत्राटावर झाडलोट करणाऱ्या ताई, दवाखान्यातल्या आया, आशाताई, दुकानात दिवसभर उभी राहणारी पोरं, रात्रपाळीचे वॉचमन. तक्रारी ठरलेल्या असतात. डोकं दुखतं, छातीत धडधडतं, ॲसिडिटी होते, थकून पडलं तरी झोप लागत नाही. "ताई, ताकदीचं एखादं सलाईन लावा की." मशीनवर आकडा १५०/१०० आणि वय जेमतेम पस्तीस.

एका सफाई कामगार ताईला आम्ही विचारलं, काम फार जड आहे का? ती म्हणाली, "काम जड नाही बाई, बोलणं जड आहे." तीन महिन्यांचा पगार थकलेला, मुकादमाची भाषा जातीवरची आणि उद्या कामावर ठेवतील की नाही याचा भरवसा नाही. हा आजार सलाईनने बरा होणारा नाही.

संकट आलं की शरीर सावध होतं. काळीज जोरात धडधडतं, रक्तदाब चढतो, झोप उडते. संकट टळलं की सगळं जागेवर येतं. पण रोज सकाळी कामावर जातानाच धडकी भरत असेल, तर शरीराला उसंत मिळत नाही. बीपी आणि साखर असलेल्यांचा त्रास वाढतो. चिडचिड घरात लेकरांवर निघते. कोणी गुटख्याकडे वळतो, कोणी दारूकडे. मग लोक म्हणतात, माणूसच वाईट आहे.

आमच्यावरही ही वेळ आली होती. नर्सिंगचा डिप्लोमा करून आम्ही एका रुग्णालयात लागलो. रात्रपाळीला दोन वॉर्डांना आम्ही एकट्याच. सलग सातव्या रात्री एका पेशंटचं इंजेक्शन दुसऱ्याला देता देता हात थांबला. पेशंट वाचला, पण सकाळी आमच्या हातात नोटीस पडली. रात्री किती पेशंट होते, हे कोणीच विचारलं नाही. एका वडीलधाऱ्या सिस्टरने मात्र जवळ बसवून चहा पाजला आणि सगळं ऐकून घेतलं. पुढे आम्ही सगळ्याजणींनी मिळून लेखी मागणी केली: सलग इतक्या रात्री एकीलाच लावू नका आणि इंजेक्शन देण्याआधी दुसरीने नाव वाचावं. दोन्ही गोष्टी मान्य झाल्या. नोकरी तीच होती, पण झोप परत आली.

म्हणून 'मन खंबीर ठेवा' एवढा सल्ला आम्ही देत नाही. श्वासावर लक्ष ठेवून दहा मिनिटं बसल्याने मन निवतं, ते जरूर करा. पण त्याने थकलेला पगार जमा होत नाही. बाबासाहेबांनी हे ओळखलं होतं. १९३८ मध्ये मनमाडला रेल्वे कामगारांपुढे त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. मजूरमंत्री असताना १९४६ मध्ये कारखान्यातले कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आणणारा कायदा त्यांनी मांडला. विश्रांती ही मालकाची मेहेरबानी नाही, हक्क आहे.

मग करायचं काय?

एक वही ठेवा. कामावर गेल्याची आणि सुटल्याची वेळ, जादा काम, मिळालेला पगार, कोणी काय बोललं, हे तारखेसह रोज लिहा. लिहिता येत नसेल तर लेकराकडून लिहून घ्या.

तक्रारीला एकटं जाऊ नका, चौघींच्या सह्या घेऊन जा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. कंत्राटदाराने मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते. जातीवरून अपमान झाला तर ॲट्रॉसिटी कायदा आहे. लैंगिक छळ झाला आणि कामाच्या जागी दहापेक्षा कमी माणसं असली, तरी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तीन महिन्यांच्या आत तक्रार करता येते. आशाताईंना तर सरकार अजून कर्मचारीच मानत नाही, मानधनावर राबवतं. त्यांना संघटनेशिवाय वाट नाही.

घरच्यांनीही लक्ष द्यावं. बाई कामावरून आली की आधी पाणी द्या, चूल आणि धुणं वाटून घ्या. रात्रपाळीच्या माणसाला दिवसा अंधाऱ्या खोलीत झोपू द्या, टीव्ही बंद ठेवा. चहावर दिवस काढू नका, भाकरी वेळेवर खा.

बीपी १४०/९० किंवा त्याहून जास्त वारंवार येत असेल, तर ग्रामीण रुग्णालयात जा. गोळी सुरू झाली तर बरं वाटलं म्हणून मनाने बंद करू नका. दोन आठवडे झोप नाही, कशातच मन लागत नाही, रडू येतं, असं असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. कोणी 'जगून काय करू' असं बोललं, तर हसण्यावारी नेऊ नका आणि त्याला एकटं सोडू नका. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे. फोन फुकट, रात्रंदिवस सुरू, मराठीत बोलता येतं. फोन केला म्हणजे कोणी वेडं ठरत नाही.

ती सफाई कामगार ताई आता वही लिहिते. पगार अजून पूर्ण मिळालेला नाही. पण मागच्या रविवारी ती एकटी आली नव्हती. बरोबर पाचजणी होत्या, आणि प्रत्येकीच्या हातात वही होती.