मत गुप्त, पण बूथ उघडा!

मागच्या निवडणुकीत दुपारी तीन वाजता आमच्या आजीला फोन आला. "आजी, अजून मतदान नाही केलंत? रिक्षा पाठवू का?" आजी खूश. मी मात्र विचारात पडलो, तिने मत दिलेलं नाही हे यांना कळलं कसं?

हॅकिंग वगैरे काही नाही हो. खेळ साध्या कागदांचा आहे.

पहिला कागद म्हणजे मतदार यादी. त्यात तुमचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, वय आणि घर क्रमांक असतो. मान्यताप्राप्त पक्षांना ही यादी फुकट मिळते. जात आणि मोबाइल नंबर त्यात नसतो. पण जातीचा अंदाज आडनावावरून बांधतात, आणि नंबर आपणच देतो. आरोग्य शिबिर, हळदीकुंकू, लकी ड्रॉ, कुठेही लिहून येतो ना आपण? मग कार्यकर्ता अॅपमध्ये दोन्ही जोडतो आणि नावापुढे खूण करतो: आपला, त्यांचा, कुंपणावरचा. आम्हा इंजिनिअर लोकांच्या भाषेत, दोन टेबलांचा जॉइन. बस्स! भाजपमध्ये तर यादीच्या एकेका पानाला वेगळा माणूस असतो, पन्ना प्रमुख.

मतदानाच्या दिवशी पक्षाचा पोलिंग एजंट बूथमध्येच बसलेला असतो. नाव पुकारलं की तो स्वतःच्या यादीत टिक करतो. दुपारी उरलेल्यांना फोन जातात. आजीचं कोडं सुटलं.

आता दुसरा कागद, फॉर्म 20. निकालानंतर कुठल्या बूथवर कोणाला किती मतं पडली, हे त्यात छापलेलं असतं. एका बूथवर साधारण हजारच्या आसपास नावं, म्हणजे एखादी वस्ती किंवा काही सोसायट्या. तुम्ही एकट्याने कोणाला मत दिलं हे गुप्तच राहतं, पण तुमच्या वस्तीने काय केलं ते उघड होतं.

यात वाईट काय? 2019 मध्ये उत्तर प्रदेशातल्या प्रचारसभेत मनेका गांधींनी सांगितलं होतं की गावांना मतांप्रमाणे ए, बी, सी, डी असे गट द्यायचे आणि कामं त्याच क्रमाने. आयोगाने त्यांना ताकीद दिली. पण विचार करा, उद्या तुमच्या वस्तीची पाइपलाइन याच हिशोबाने अडली, तर कळणार कसं?

उपाय आहे, टोटलायझर. 14 मशिनची मतं एकत्र मोजायची, म्हणजे एकेका बूथचा आकडा दिसत नाही. निवडणूक आयोगाने हे 2008 मध्ये सुचवलं, विधी आयोगाने 2015 मध्ये पाठिंबा दिला. अजून लागू नाही. आणि 2023 चा डेटा संरक्षण कायदा? कायद्यानेच जाहीर करावी लागणारी माहिती त्याच्या कक्षेबाहेर आहे.

तर आज एक करा. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या वेबसाइटवर आपल्या मतदारसंघाचा फॉर्म 20 शोधा आणि आपला बूथ बघा. पक्षांनी तो कधीच बघितलाय. आणि पुढच्या वेळी कोणी वहीत नंबर लिहायला सांगितला, तर आधी विचारा: "कशासाठी?"

भेटू पुढच्या भागात!