रिकाम्या जहागिरींची पातशाही

मोगल पातशाहीच्या ऱ्हासाची मीमांसा करावयास बसले की आमच्या लेखकांची लेखणी आपोआप औरंगजेबाच्या स्वभावाकडे वळते. संशयी, हट्टी आणि कर्मठ असा एक पुरुष पन्नास वर्षे तख्तावर राहिला, १६७९ साली त्याने जिझिया पुन्हा बसविला, राजपूत दुखावले, जाट आणि शीख बिथरले, मराठ्यांनी त्याला दख्खनेत जेरीस आणले आणि पुढचे वंशज नादान निपजले, ही हकीकत क्रमिक पुस्तकापासून व्यासपीठापर्यंत सर्वत्र एकाच चालीवर म्हटली जाते. तीतले एकही विधान खोटे नाही. पण स्वभावदोषानेच राज्ये बुडत असती, तर बापाला कैदेत टाकून आणि भावांचे शिरच्छेद करून तख्तावर चढलेल्या याच पुरुषाची पातशाही पहिली पंचवीस वर्षे इतकी बिनघोर का चालली, याचे उत्तर या मंडळींनी द्यावयास हवे. ते मी आजवर कोठे वाचलेले नाही.

माझे उत्तर जुने आहे, आणि एका विद्वान स्नेह्यांनी त्याची 'कारकुनी इतिहास' म्हणून संभावना केलेली आहे. ती मी भूषण समजतो. राज्य कारकुनाच्या कागदावर चालते आणि तेथेच प्रथम थकते. मनसब, जात आणि स्वार, दाग आणि चेहरा ही परिभाषा वाचकांस परिचित आहे. तिच्या मुळाशी असलेला करार मात्र पुष्कळदा विसरला जातो. मनसबदाराने ठरल्या संख्येचे घोडेस्वार पदरी बाळगावयाचे आणि त्याबद्दल पातशहाने त्याच्या तनख्याइतक्या जमेची जहागीर लावून द्यावयाची, एवढाच तो करार. कागदावरची जमा आणि हाती येणारा हासिल यांत अंतर पडू लागले ते औरंगजेबाच्या आधीच. शहाजहानच्या अमदानीतच जहागिरींना महिन्यांचे मान लागू झाले : जिचा हासिल जमेच्या निम्मा ती 'शशमाही', म्हणजे बारा महिन्यांच्या नावाने सहा महिन्यांची कमाई, आणि त्या मानाने मनसबदाराच्या स्वारांची संख्याही कमी करून घ्यावी लागे. मयूरासनाच्या झगमगाटाने ज्यांचे डोळे दिपतात त्यांनी ही नोंद एकदा शांतपणे वाचावी.

पुढे १६८१ च्या अखेरीस औरंगजेब बऱ्हाणपुरास उतरला. १६८६ साली विजापूर आणि १६८७ साली गोवळकोंडा पडले, म्हणजे नकाशावर पातशाही कळसास पोचली. नवा मुलुख आला तशी नवी तोंडेही आली. हजारी आणि त्यावरचे मनसबदार औरंगजेबाच्या पहिल्या दोन दशकांत ४८६ होते, ते अखेरच्या काळात ५७५ झाले. त्यांतले मराठे २७ होते, ते ९६ झाले. शत्रूकडचा सरदार फोडावयाचा तर त्याला मनसब द्यावयाची, मनसब दिली की जहागीर द्यावयाची, आणि जिंकलेल्या मुलुखातला कसदार भाग तर लढाईच्या खर्चासाठी खालशात ठेवलेला. वाटून देण्यासाठी राखलेली 'पायबाकी' आटली. मनसबीची सनद हाती घेऊन जहागिरीसाठी वर्षानुवर्षे छावणीत तिष्ठणाऱ्या उमेदवारांचा एक नवाच वर्ग निर्माण झाला.

ती छावणी म्हणजे चालते शहर होते. ब्रह्मपुरीस भीमेच्या काठी ती चार वर्षे पडून राहिली, आणि मग ऐंशी ओलांडलेला पातशहा एकेक किल्ला घेण्यास स्वतः निघाला. १७०० साली सातारा घेऊन झाल्यावर, त्याच पावसाळ्याच्या अखेरीस खवासपुरास माण नदीचा लोंढा रात्री छावणीत शिरला. त्या गोंधळात पातशहाचा गुडघा निखळला आणि जन्माचे लंगडेपण आले. हा तर तैमूरलंगाचा वारसा होय, असे खुशमस्कऱ्यांनी त्याचे समाधान केले म्हणतात. किल्ले मिळत होते आणि पाठ फिरताच जातही होते, हे मी पुन्हा सांगत बसत नाही; त्यावर आमच्याकडे उदंड लिहिले गेले आहे.

थोडा अधिक वेळ मला द्यावयाचा आहे तो भीमसेन सक्सेना या गृहस्थास. बऱ्हाणपुरास जन्मलेला हा कायस्थ, दतियाच्या दलपतराव बुंदेल्याच्या पदरी राहून दख्खनेच्या मोहिमांत हिंडला, जिंजीचा लांबलेला वेढा त्याने डोळ्यांनी पाहिला, आणि १७०७ साली जाजऊच्या रणावर धनी पडल्यानंतरही आपले वृत्तांतलेखन तडीस नेले. दरबारी बखरकारांना जे दिसत नव्हते ते याला दिसले, कारण फौजेचा पगार कोठून येतो याची विवंचना त्याच्याच दप्तरात होती. तो सांगतो ते असे : जहागीर पुढच्या वर्षी आपल्याकडे राहील याची खात्री नसल्यामुळे जहागीरदाराचा आमील रयतेला पिळून घेतो, आमिलालाही आपल्या नोकरीचा भरवसा नाही, रयत शेती सोडते, जमीनदार हत्यार धरून मराठ्यांना मिळतो, आणि जहागीरदाराच्या हाती कवडी येत नाही. जिझियाच्या चर्चेत शेकडो पाने खर्ची घालणाऱ्यांनी या साध्या चाकराला दोन ओळींत उरकावे, याचे मला तीस-चाळीस वर्षे वैषम्य वाटत आले आहे.

आणि येथेच मराठ्यांचा खरा पराक्रम येतो. संताजी-धनाजींच्या घोडदौडीचे पोवाडे गाणाऱ्यांशी माझे भांडण नाही. पण ती घोडदौड थांबल्यावर मागे जो कमाविसदार राहिला, त्याने पातशाहीचे जे केले ते तलवारीने झाले नसते. १७१९ साली बाळाजी विश्वनाथाने दिल्लीहून दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाईच्या आणि सरदेशमुखीच्या सनदा आणल्या. शेकडा पंचवीस आणि शेकडा दहा, मिळून पस्तीस. पुण्याच्या दफ्तरात रुमाल सोडून बसण्याची ज्याला चटक लागली आहे त्याला त्या दुअमलीचे रूप डोळ्यांपुढे आणावयास प्रयास पडत नाहीत : उभी घडी घातलेला लांबट कागद, बोरूची काळीभोर शाई, गावाच्या आकाराखाली मोगलाई अंमल निराळा, स्वराज्य अंमल निराळा, चौथाईच्या पोटी बबती, साहोत्रा, नाडगौडा, मोकासा अशी वाटणी, आणि सरदेशमुखीचा आकडा अलग. गाव एक, चावडी एक, पाटील एक; सरकारे दोन. त्यांतले ज्याचे घोडे जवळ त्याचा वसूल आधी, हे पाटलाला कोणी शिकवावे लागत नसे.

हे हिशेबी कागद आज वाचतो कोण? सरदेसायांनी पेशवे दफ्तरातून निवडून ४५ खंड छापविले, पण ती निवड मुख्यतः राजकीय पत्रांची. ताळेबंदांचे ढीग तसेच राहिले. सेतुमाधवराव पगडींनी फार्सी साधने मराठीत आणून आमची सबबच हिरावून घेतली, तरी नव्या अभ्यासकांना मोडीचा कंटाळा आणि फार्सीची धास्ती. मागे एका परिसंवादात मोकाशाचा उल्लेख करताच एका प्राध्यापकांनी मला त्या सरदाराचे पूर्ण नाव विचारले! असो.

१७०७ नंतरचे दिल्लीतले खून आणि आंधळे केलेले शहाजादे मी एका वाक्यात ओलांडतो, कारण सय्यद बंधूंनी कोणाला बसविले आणि कोणाला उठविले याने गावचा वसूल बदलत नव्हता. ध्यानात घेण्याजोगे एवढेच की खालशाच्या जमिनी इजाऱ्याने जाऊ लागल्या आणि १७२२ साली वजीर झालेल्या निजामुल्मुल्काने इजारा बंद करून जहागिरींची फेरवाटणी करण्याचा घाट घातला तेव्हा दरबार त्याच्यावर उलटला. तो शहाणा पुरुष निमूट दक्षिणेस आला आणि १७२४ साली साखरखेर्ड्यास लढाई मारून स्वतंत्र झाला. दुखणे ओळखणारा एकमेव वैद्य घरातून निघून गेला. बंगाल्यात मुर्शिदकुलीखानाने मनसबदारांच्या जहागिरी ओरिशात हलवून सुभा खालशात ओढला. त्याची खंडणी दिल्लीस पोचत होती, तोवर पातशाहीची चूल पेटत होती. १७३९ साली नादिरशहाने खजिना आणि मयूरासन नेले; सैन्य पोसणारी जहागीर त्याच्या कितीतरी आधी नाहीशी झाली होती.

याचा दाखला आमच्याच घरात आहे. १७८४ साली वकील-इ-मुत्लक हे पद पेशव्यांच्या नावे झाले आणि त्यांचा नायब म्हणून महादजी शिंद्यांच्या हाती दिल्लीचा कारभार आला. पातशहाच्या खर्चास दरमहा ६५,००० रुपये द्यावयाचे ठरले. मुलुख पाहावा तर उजाड किंवा कोणाच्या ना कोणाच्या कबजात. महादजींनी मोगल सरदारांच्या जहागिरी खालसा करावयास घेतल्या, जयपुराकडे थकलेल्या खंडणीचा तगादा लावला. १७८७ साली लालसोटास मुहम्मद बेग हमदानी आणि पातशाही पलटणी पगार थकल्यामुळे ऐन वेळी फिरल्या, आणि पुढच्याच वर्षी गुलाम कादिराने लाल किल्ल्यात पातशहा शहाआलमचे डोळे काढले. या साऱ्या काळात महादजी पुण्याकडे पैशांची मागणी करीत होते आणि पुणे, हिंदुस्थानची एवढी दौलत हाती आली असता जमाखर्च का येत नाही, म्हणून महादजींकडे हिशेब मागत होते.