पाण्याची उसळी आणि चारीचें माप

न्हाणीच्या सपाट फरशीवर नळाची धार सोडली असतां तिच्याभोंवतीं पाण्याची पातळ, गुळगुळीत चकती पसरते, आणि चकतीच्या कडेला पाणी एकाएकीं जाड होऊन वर उठतें. हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर चारींत घडला म्हणजे त्यास पाण्याची उसळी म्हणावें. आपण ज्या पाण्याचे पैसे भरतों, त्याचें माप खरें कीं खोटें, हें पुष्कळदां तिच्यावरून ओळखितां येतें.

उथळ व वेगवान पाणी संथ व खोल पाण्यास भिडतें, तेथें तें हळूहळू चढत नाहीं. फेंस काढीत एकदम उसळतें. सपाट तळाच्या व उभ्या भिंतींच्या चारींत १० सेंटिमीटर खोल पाणी सेकंदास ३ मीटर वेगानें येत असेल, तर उसळीपुढें त्याची खोली सुमारें ३८ सेंटिमीटर होते, आणि सुमारें चौथाई जोर त्या घुसळणींत जिरतो. म्हणूनच चारी जेथें एकदम खालीं उतरते तेथें फरसबंदी करितात. तिचे दगड गोठ्याकरितां उचलून नेणारे गृहस्थ आम्हीं पाहिले आहेत. पुढें खड्डा त्यांच्याच बांधाशीं पडला.

ह्या उसळीचे प्रयोग इटलींतील तुरिन येथें बिदोने ह्या विद्वानानें १८२० च्या सुमारास केले. आपल्याकडे मुंबई इलाख्यांत १९१६ सालीं जलसंशोधनाचें काम सुरू झालें, तेंच आजचें खडकवासल्याचें केंद्र होय. तेथील सर क्लॉड इंग्लिस ह्यांनीं उसळीच्या साह्यानें पाणी मोजणाऱ्या फ्लूमचा अभ्यास केला.

अशा फ्लूममध्यें चारी आवळून तळ थोडा उंच केलेला असतो. त्यावरून घसरणारें पाणी इतकें वेगवान होतें कीं, खालची लाट उलट वर चढूं शकत नाहीं. १० सेंटिमीटर खोल पाण्यांत लाट सेकंदास सुमारें १ मीटरच चालते. पाणीच ३ मीटर धांवत असतां ती वर कशी जाणार? त्यामुळें वरच्या अंगाच्या मोजपट्टीवरील एकाच आंकड्यावरून प्रवाह ठरवितां येतो.

परंतु खालीं गाळ व झुडपें मातलीं कीं पाणी तुंबून उसळीवर चढतें. कांहीं मर्यादेपर्यंत माप बिघडत नाहीं. पुढें मात्र उसळी पार बुडते, तितक्याच प्रवाहास वरचें पाणी अधिक उंच राहतें, आणि नोंदवहींत न मिळालेलें पाणी चढतें. २००५ च्या कायद्यान्वयें महाराष्ट्रांतील पाणीवापर संस्थांस पाणी घनमापानें द्यावयाचें असल्यामुळें हा फरक थेट आकारणींत येतो.

आमच्या चारीवर एका रब्बी आवर्तनांत असेंच झालें. पट्टी भरपूर पाणी दाखवी; शेवटच्या शेतांतील गहूं मात्र कोरडा. आमचा जन्म दफ्तरांत गेलेला. आंकडा खरा मानून आम्हीं शेवटच्या मंडळींस खोटें पाडलें, ह्याची अजून लाज वाटते. अखेर त्यांच्यांतील एका म्हाताऱ्यानें विचारिलें, "फ्लूमखालचा फेंस कुठें गेला?" बेशरमीचीं झुडपें व गाळ काढतांच फेंस परतला, आणि दार तसूभरहि न हालवितां पट्टीवरील पाणी उतरलें. मग ठरल्या मापासाठीं दार आणखी उघडावें लागलें.

तरी आवर्तन सुरू होतांच वाचकांनीं पट्टी वाचण्यापूर्वीं फ्लूमखालीं फेंसाळ उसळी आहे कीं नाहीं तें पाहावें, व नसल्यास तसा शेरा नोंदवहींत लिहवून घेऊन मगच सही करावी.