छोट्या प्रोजेक्टला ओआरएम हवं का?

आज उदाहरण तंजावरकडचं. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात भाताचे तीन हंगाम: कुरुवै, सांबा, ताळडी. समजा, एका गावाची पेरणीची नोंद ठेवायची आहे. एकाच शेतात कुरुवैनंतर ताळडी घेतात, म्हणून पेरणीचं टेबल वेगळं. शेतकरी, शेत, पेरणी. झाली तीन टेबलं.

ओआरएम म्हणजे टेबलातल्या ओळी आणि प्रोग्रॅममधले ऑब्जेक्ट यांच्यातला दुभाषी. क्वेरी तोच लिहितो. पण लक्ष ठेवलं नाही, तर २०० शेतांच्या यादीत प्रत्येकाचा मालक वेगळा विचारतो आणि २०१ क्वेरी जातात. साध्या जॉइनने हेच काम एका क्वेरीत होतं.

म्हणून मी आधी लागणाऱ्या क्वेरी कागदावर लिहितो. दहा-बाराच निघाल्या, तर एसक्यूलाइट आणि साधं एसक्यूएल पुरे. मात्र लोकांनी भरलेली माहिती थेट क्वेरीत चिकटवू नका, प्लेसहोल्डर वापरा.

टेबलं वाढणार असतील, त्यांची रचना सारखी बदलणार असेल, तर ओआरएम जरूर घ्या. जँगोमध्ये ते आयतंच मिळतं.

आणि उद्या हे सांभाळणार कोण? गावातली एखादी मुलगी असेल, तर तिला काय वाचता येतं, तेच निवडा. नाहीतर नोंदी पुन्हा वहीत जातील.