दोन संगणक व मॉनिटरमधील लॅन पोर्ट

कित्येक नव्या मॉनिटरांच्या पाठीमागे लॅनची तार लावण्याचे पोर्ट असते. ते पाहून, मॉनिटरला जोडलेल्या दोन्ही संगणकांस इंटरनेट मिळेल असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु तो बरोबर नाही. हे पोर्ट म्हणजे वस्तुतः यूएसबीच्या तारेने संगणकास जोडलेले एक उपकरण होय, आणि असे उपकरण एका वेळी एकाच संगणकाचे अंकित असते. (एचडीएमआयच्या तारेने तर चित्र व आवाज तेवढाच येतो.) बटण दाबून कीबोर्ड व माउस दुसऱ्या संगणकाकडे वळविले, की बहुधा त्यांच्याबरोबर इंटरनेटही जाते. पहिल्या संगणकावरून विद्यार्थ्यांची माहिती पाठविणे चालू असल्यास ते मध्येच तुटते, आणि पडद्यावर दुसराच संगणक दिसत असल्यामुळे ही गोष्ट ध्यानातही येत नाही.

यावर उपाय सोपा आहे. राउटरकडून येणारी तार प्रथम चार-पाच पोर्टांच्या लहानशा स्विचमध्ये घालावी व तेथून प्रत्येक संगणकास स्वतंत्र तार न्यावी. संगणकास लॅनचे पोर्ट नसल्यास यूएसबीला लावावयाचा अडॅप्टर चालतो. वायफाय असेल, तर दुसरा संगणक त्यावर ठेवावा. मॉनिटरचे पोर्ट मग रिकामे राहिले तरी बिघडत नाही.