‘तीनवार’ कोणी म्हणावयाचे?

अक्कलकोटच्या बाजार आवारात तुरीचा उघड लिलाव होतो, तेव्हा ‘एकवार, दोनवार’ पुकारल्यावरही मागे पडलेल्या व्यापाऱ्यास बोली चढविण्यास अवसर उरतो. शेतकऱ्याचा भाव त्या अवसरातच वाढतो. ईबे या संकेतस्थळावरील लिलाव मात्र ठरल्या क्षणी मिटतो. म्हणून अखेरच्या सेकंदास आपोआप बोली टाकणाऱ्या सेवा निघाल्या. कमाल किंमत आधीच नोंदवा, असे ईबे सांगते खरे. पण माणूस दुसऱ्याची बोली पाहूनच आपली ठरवितो! त्याला उत्तर देता आले नाही, की नुकसान विक्रेत्याचे. रॉथ आणि ओकेनफेल्स या अर्थशास्त्रज्ञांनी २००२ साली दाखविले की, उशिरा बोली आल्यास मुदत वाढविणाऱ्या ॲमेझॉनच्या लिलावांत ही घाई पुष्कळ कमी होती. आपल्या बँकांच्या मालमत्ता-लिलावांत अशी मुदतवाढ बहुधा असते. शेतमालाचा लिलाव संगणकावर नेताना ती नियमांतच लिहिली गेली पाहिजे.