मेची भेग, जुलैचा चिखल
परसबाग आणि पाणी : लेखांक ५

नागपुरात कमी पाण्याची बाग करायची म्हटले की नर्सरीत दोन गोष्टी हमखास पुढे केल्या जातात : निवडुंगाच्या कुंड्या आणि पांढरे गोटे. फेब्रुवारीत ही मांडणी देखणी दिसते. मेमध्ये तेच गोटे तापून शेजारची रोपे भाजून काढतात आणि जुलैत जमिनीत लावलेला निवडुंग बुडाशी सडून आडवा होतो. नवतपा काढलेल्या झाडाला पावसाने मारलेले असते.

कमी पाण्याच्या बागेची आजची कल्पना बरीचशी बाहेरून आलेली आहे. अमेरिकेतल्या डेन्व्हर शहराच्या पाणीपुरवठा विभागाने १९८१ मध्ये तिला ‘झेरिस्केप’ हे नाव दिले आणि तिथून ती जगभर पसरली. पण डेन्व्हरला वर्षभरात ४०० मिलिमीटरहूनही कमी पाणी पडते. नागपूरची सरासरी ११०० मिलिमीटरच्या आसपास आहे आणि त्यातले बहुतेक सगळे पाणी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळते. उरलेले आठ महिने जवळपास कोरडे. त्यांच्या शेवटी येणाऱ्या मेमध्ये पारा ४५ अंशांपलीकडे जातो. २३ मे २०१३ रोजी तो ४७.९ अंशांवर पोहोचला होता. म्हणजे इथल्या झाडाला दोन परीक्षा द्याव्या लागतात, एक मेची आणि दुसरी जुलैची. परदेशी याद्यांमधली बरीच झाडे पहिलीत उत्तीर्ण होतात आणि दुसरीत नापास. निवड करताना दोन्ही गुणपत्रिका पाहाव्या लागतात.

माती काय करते

मातीबद्दल मागच्या लेखांकात सविस्तर लिहिले आहे. निवडीपुरता एक मुद्दा पुन्हा सांगतो. नागपूर दोन भूप्रदेशांच्या सीमेवर वसले आहे. शहराच्या पश्चिमेला दख्खनच्या काळ्या खडकापासून झालेली भारी माती, तर पूर्वेकडे त्याहून कितीतरी जुन्या खडकांची, तुलनेने हलकी जमीन. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि सुकली की आकसते. मेमध्ये तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्यांत बारीक मुळे तुटतात आणि खोलवरची ओलही उडून जाते. जुलैत हीच माती फुगून तिच्यातल्या हवेच्या वाटा बुजतात. मुळांना श्वास घेता येत नाही आणि कूज धरते. संत्र्याच्या बागायतदाराला हे सांगायला नको. बुंध्याशी पाणी साचले की डिंक्या येतो, हे त्याने पिढ्यान् पिढ्या पाहिलेले आहे.

म्हणून झाडांची यादी करण्याआधी अंगणाची पाहणी करा. पहिला मोठा पाऊस पडून गेल्यावर पाणी कुठे चोवीस तासांहून जास्त साचून राहते ते बघून ठेवा. ती सखल जागा. जिथून पाणी लगेच निघून जाते तो उंचवटा. उंचवटा नसेल तर मुरूम आणि माती मिसळून फूट-दीड फूट उंचीची गादी करून घेता येते. कोणते झाड लावायचे याच्याइतकाच ते कुठे लावायचे हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

हिरवळीचा हिशेब

घरच्या बागेत सर्वांत जास्त पाणी पिते ती हिरवळ. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. मेच्या उन्हात हिरवळ हिरवीगार ठेवायची तर रोज पाच मिलिमीटर तरी द्यावे लागते. पन्नास चौरस मीटरच्या, म्हणजे साधारण साडेपाचशे चौरस फुटांच्या तुकड्याला रोज अडीचशे लिटर लागले. शहरी पाणीपुरवठ्यात माणशी रोज १३५ लिटर हा मापदंड धरतात. म्हणजे घरात जवळपास दोन माणसे वाढली. मार्च ते मध्य जून या शंभर दिवसांत हा आकडा पंचवीस हजार लिटरवर जातो, आणि हे बहुतेक ठिकाणी पिण्याचे शुद्ध केलेले पाणी असते.

हे पाणी येते कुठून, याची आठवण शहराला जुलै २०१९ मध्ये झाली. पावसाने ओढ दिली, पेंच नदीवरचा तोतलाडोह मृतसाठ्यापर्यंत उतरला आणि महापालिकेला एक दिवसाआड पाणी द्यावे लागले. नदीच्या वरच्या अंगाला मध्य प्रदेशात चौराई धरण झाल्यापासून खाली येणारे पाणीही पूर्वीसारखे राहिलेले नाही.

तरीही पायाखाली हिरवे हवेच असेल, तर नर्सरीतल्या मखमली मेक्सिकन लॉनपेक्षा आपली हरळी बरी. हरळी म्हणजेच दूर्वा. ती सी-४ गटातली वनस्पती आहे. या गटातली गवते हवेतला कार्बन डायऑक्साइड आधी पानात एकवटून घेतात, त्यामुळे त्यांना पर्णरंध्रे फार वेळ उघडी ठेवावी लागत नाहीत आणि पाणी कमी उडते. उन्हाळ्यात पाणी तोडले तर हरळी पिवळी पडते, पण जमिनीखालची तिची खोडे जिवंत असतात आणि पहिल्या दोन सरींत ती पुन्हा फुटते. मेमध्ये हिरवळ पिवळी दिसणे आपण मान्य केले, की वरचा हिशेब जवळजवळ शून्यावर येतो. एवढे मात्र करा की वाफ्यांच्या कडेला विटा खोल गाडून हरळीला अडवा. शेतकरी तिच्या नावाने बोटे का मोडतो, ते एका पावसाळ्यात कळेल.

रानातली गवते

ज्या जागेत चालायचे नाही, तिथे हिरवळीचा हट्ट सोडून उभे वाढणारे गवत लावावे. काळ्या मातीसाठी मारवेल उत्तम. हे इथलेच गवत, पावसात जोमाने वाढते, उन्हाळ्यात सोनेरी होऊन उभे राहते. जनावरांना आवडते म्हणून राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने त्याचे सुधारित वाणही दिले आहेत. मुळे फुटलेल्या ठोंबांपासून ते सहज लागते. मुरमाड उंचवट्यावर पवना शोभतो. तिखाडीची, म्हणजे रोशा गवताची पाने चुरगाळली की सुगंध येतो. याच गवतापासून रोशा तेल काढतात. कुसळी दिसायला सुंदर, पण तिची अणकुचीदार कुसळे कपड्यांत आणि कुत्र्याच्या अंगात रुततात, म्हणून दाणा भरण्याआधी कापावी लागते. घरात लहान मुले असतील तर ती टाळलेलीच बरी.

सखल जागेसाठी वाळा. नागपूरकरांना तो कूलरच्या जाळ्यांतून माहीत आहे. अंगणात मात्र क्वचितच दिसतो. त्याची मुळे दोन-तीन मीटर खोल सरळ खाली जातात, त्यामुळे तो पाणथळ जागाही सोसतो आणि कोरड्या महिन्यांतही तग धरतो. मोरीचे पाणी जिथे जाते तिथे जुन्या सांदवाडीत केळ आणि अळू असायचे. त्यांच्या जोडीला वाळ्याचे चार ठोंब लावा. धुण्याच्या मशीनचे पाणी मात्र तिथे सोडू नका. साबणाच्या पावडरीतल्या सोडियममुळे काळी माती आणखी घट्ट होते. कूलरची टाकी रिकामी करताना निघणारे पाणीही खारट झालेले असते. ते रोज एकाच झाडाला न देता फिरवून द्यावे आणि मोगऱ्यासारख्या नाजूक झाडापासून दूर ठेवावे.

झुडपे आणि झाडे

झुडपांत कण्हेर पहिली. तिच्या पानाची पर्णरंध्रे पृष्ठभागावर नसतात. खालच्या बाजूच्या खोलगट खळग्यांत, केसांच्या आड दडलेली असतात, म्हणून लू चालू असतानाही पाणी फारसे उडत नाही. पण कण्हेर सर्वांगाने विषारी आहे. लहान मुले आणि गायीगुरे जिथे पोहोचतील तिथे ती लावू नये. कोरांटी, अडुळसा, निर्गुंडी, मेंदी आणि सदाफुली ही बाकीची भरवशाची मंडळी. कुंपणाला मेंदी किंवा अडुळसा, उन्हाच्या कोपऱ्यात कोरांटी. चाफा जाड खोडात पाणी साठवतो आणि पाने गाळून उन्हाळ्याला सामोरा जातो, पण त्याला पाय ओले चालत नाहीत. त्याची जागा गादीवरच. कोरफडीचेही तसेच. ती रात्री पर्णरंध्रे उघडते, म्हणून दिवसा सुकत नाही, पण साचलेल्या पाण्यात टिकत नाही.

बोगनवेलीची गोष्ट वेगळी. आपण जिला फुले म्हणतो ती तिची रंगीत पाने. खरी फुले आत, पांढरट आणि इवलीशी. रोज पाणी दिले तर ती नुसती हिरवी माजते, पाणी तोडले की रंगावर येते. संत्रा बागायतदार हेच शास्त्र ‘ताण देणे’ म्हणून वापरतात. आंबिया बहारासाठी हिवाळ्यात आणि मृग बहारासाठी मेमध्ये पाणी तोडतात. मग झाड फुलावर येते. भारी जमिनीत ओल टिकते म्हणून ताण जास्त दिवस द्यावा लागतो, हलकीत कमी. घरच्या बागेत आपण झाडांना ताण कधी देतच नाही. रोज संध्याकाळी नळी धरून वरवर भिजवतो, मुळे वरच राहतात, आणि आठ दिवस गावाला गेलो की सगळे माना टाकते. दोन वर्षांच्या पुढच्या झाडाला आठ-दहा दिवसांतून एकदा, पण बुंध्यापासून थोडे लांब आळे करून खोलवर पाणी द्या. आळ्यावर पालापाचोळ्याचा चार बोटे थर हवा. त्याने भेगांना आळा बसतो आणि ओल टिकते.

मोठ्या झाडांत काळ्या, पाणी धरणाऱ्या जमिनीचा खरा राजा पळस. तो मेची भेगही सोसतो आणि जुलैचा चिखलही, करंजही तसाच. मात्र दोघांनाही मोकळी जागा लागते. कडुनिंब उन्हाला पक्का, पण पाणथळीला कच्चा, म्हणून तो उंच बाजूला. लहान प्लॉटवर बहावा, कांचन, पारिजातक किंवा सीताफळ पुरे. सीताफळ उन्हाळ्यात पाने टाकून निवांत बसते आणि पावसावर फळते. काळ्या मातीत मोठे झाड भिंतीपासून पाच-सहा मीटर तरी दूर असावे. त्याची मुळे ओल ओढून घेतात, माती आकसते आणि पाया खचून भिंतीला तडा जातो.

कमी पाण्याचे म्हणून कोनोकार्पसही पुढे केले जाईल. ते तग धरते आणि वर्षभर हिरवे राहते, हे खरे. पण ते इथले नव्हे, आणि गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली आहे. पळस आणि करंज असताना ते घ्यायचे कारण नाही.

केव्हा लावायचे

खड्डे मेमध्ये खणून उन्हात तापू द्यावेत. लागवड मात्र मृगाचे दोन चांगले पाऊस जमिनीत मुरल्यावर, म्हणजे नागपुरात बहुधा जूनच्या शेवटी. फेब्रुवारीत प्रदर्शनातून आणलेले रोप लगेच जमिनीत लावले तर त्याला मुळे पसरायला वेळ न मिळताच मे गाठतो. काटक झाडेसुद्धा पहिले दोन उन्हाळे आपल्या पाण्यावरच काढतात. ‘पाणी लागत नाही’ हे वाक्य तिसऱ्या वर्षापासून खरे होते.

यंदा नर्सरीत गेलात की एकच प्रश्न विचारा : हे झाड नागपुरात कुणाच्या अंगणात, कुंडीत नव्हे तर जमिनीत, एक मे आणि एक जुलै काढून उभे असलेले दाखवता का? दाखवले तर घ्या. नाही तर आपल्या गल्लीतले, पाणी न घालताही वर्षानुवर्षे जगलेले झाड कोणते ते पाहा आणि त्याचेच रोप लावा.

(पुढील लेखांक : शंभर चौरस मीटर छतावर नागपूरच्या एका पावसाळ्यात सुमारे एक लाख लिटर पाणी पडते. ते बागेसाठी कसे साठवावे आणि मुरवावे?)